रिकाम्या ओळीची गोष्ट

वाचकहो, सुरुवातीला एक छोटा प्रयोग करू. फोन हातात घ्या, व्हॉट्सॲप उघडा आणि घरच्या ग्रुपवर 'दिवाळी' हा शब्द लिहून त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चांदणी, म्हणजे * हे चिन्ह, चिकटवा. मध्ये जागा सोडू नका. आता पाठवा. चांदण्या गायब आणि 'दिवाळी' ठळक! चांदण्यांच्या जागी अंडरस्कोर टाकलात तर तोच शब्द तिरका होईल. म्हणजे तुम्ही मार्कअप लिहिलंत, आणि तेही कुठल्याही क्लासला न जाता. साध्या मजकुरातच अशा खुणा पेरायच्या आणि दिसण्याचं काम दुसऱ्यावर सोपवायचं, एवढीच यातली मूळ कल्पना.

हा विषय दिवाळी अंकाचा कसा, असं तुम्ही विचाराल. फराळाच्या ताटात कुणी स्क्रू-ड्रायव्हर ठेवावा तसं वाटेल. पण थोडं थांबा. गेली तीन वर्षं आपल्या अंकाचा मजकूर गोळा करण्याचं काम माझ्याकडे आहे. निवृत्त प्राध्यापक म्हणजे मंडळाला मिळालेला फुकटचा मुद्रितशोधक. कमिटीतल्या तरुण मुलांनी अंक छापील बरोबर वेबवरही काढायचं ठरवलं, आणि लेखकांना सांगितलं की मजकूर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये, मार्कडाउनच्या खुणा घालून पाठवा. तेव्हापासून माझ्या मेलबॉक्समध्ये जे येऊन पडतं, त्यावर एक स्वतंत्र अंक निघेल.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. एका जुन्या सभासदांनी मंडळाचा इतिहास लिहून पाठवला. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला साल, साल संपलं की टिंब, मग मजकूर. स्थापना १९७४, पहिला गणपती १९७९, मराठी शाळा १९८६, स्वतःचा हॉल १९९८. आकडे त्यांनी इंग्रजी कीबोर्डवरून टाकले होते. वेबवर लेख चढला आणि आमचा इतिहास झाला १९७४, १९७५, १९७६, १९७७! चोवीस वर्षांची धडपड तीन वर्षांत उरकली. लेखकांचा फोन आला, "प्रोफेसर, हॉलचं कर्ज फेडायलाच आम्हाला अकरा वर्षं लागली, तुम्ही ते एका रात्रीत बांधलंत!"

चूक कुणाचीच नव्हती. मार्कडाउनमध्ये ओळीच्या सुरुवातीला आकडा, मग टिंब, मग जागा आली की ती क्रमवार यादी समजली जाते. पहिला आकडा सुरुवातीचा म्हणून घेतात, पुढचे आकडे तुम्ही काय लिहिलेत ते पाहतच नाहीत. १९७४ नंतर १९७५ येणार, यंत्राच्या हिशेबी यात शंका घेण्यासारखं काय आहे? उपाय सोपा आहे. टिंबाच्या आधी बॅकस्लॅश, म्हणजे \ ही उलटी तिरकी रेघ टाकायची. तिचा अर्थ, 'पुढचं चिन्ह हे चिन्हच आहे, खूण नव्हे.' पण गंमत पुढे आहे. याद्यांच्या नियमात फक्त इंग्रजी आकडेच धरले आहेत. त्यांनी देवनागरीत १९७४ लिहिलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. मराठी आकड्यांचा एवढा रोकडा फायदा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

मार्कडाउन हा प्रकार २००४ साली जॉन ग्रूबर यांनी काढला, ॲरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने. त्यामागचा विचार मला फार आवडतो. माणसं ईमेलमध्ये जोर द्यायला शब्दाभोवती चांदण्या टाकायचीच, दुसऱ्याचं वाक्य उद्धृत करताना ओळीच्या आधी > ही खूण यायचीच. ही लोकांची सवय होती, तिलाच व्याकरण दिलं. मजकूर यंत्रात घालण्याआधीही माणसाला सरळ वाचता यावा, हा आग्रह. पण व्याकरणात पळवाटा राहिल्या, आणि दहा वर्षांत दहा ठिकाणी दहा बोली झाल्या. मग २०१४ मध्ये काही मंडळींनी कॉमनमार्क नावाची काटेकोर नियमावली केली. तिच्या प्रमुख कर्त्यांपैकी एक, जॉन मॅकफार्लेन, हे बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. रिकाम्या ओळीचा अर्थ काय, यावर तत्त्वज्ञाने वर्षानुवर्षं डोकं चालवावं यात मला तरी काही विसंगत वाटत नाही.

आता त्या रिकाम्या ओळीकडेच येऊ, कारण निम्म्याहून अधिक तक्रारी तिच्याबद्दल असतात. "मी एंटर दाबून नवा परिच्छेद केला होता, तुम्ही दोन्ही जोडून टाकलेत!" मी नाही हो जोडले. मार्कडाउनमध्ये एकदा एंटर दाबणं म्हणजे नुसती एक जागा सोडणं. परिच्छेद हवा असेल तर दोनदा दाबा, मध्ये एक ओळ पूर्ण रिकामी राहू द्या.

असं विचित्र का? याचं कारण जुन्या ईमेलमध्ये आहे. तेव्हा पडदे अरुंद होते आणि सत्तर-पंचाहत्तर अक्षरं झाली की प्रोग्रॅम स्वतःच ओळ तोडायचे. म्हणजे मजकुरात ठिकठिकाणी तुटलेल्या ओळी असायच्या, पण त्या तुटण्याला काही अर्थ नसायचा. तोडलेली ओळ आणि मुद्दाम संपवलेली ओळ यांत फरक कसा ओळखायचा? तर ज्यानंतर मोकळी ओळ सोडली आहे ती मुद्दाम संपवलेली. वेबची पानं ज्या एचटीएमएलमध्ये लिहितात तिथेही एंटर आणि जागा सगळ्या मिळून एकच जागा धरतात. आणि त्याच्याही आधी डोनाल्ड कनुथ यांच्या टेकमध्ये हाच नियम होता. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहून कनुथ इतके नाराज झाले की १९७७ मध्ये त्यांनी स्वतःच छपाईची एक प्रणाली लिहायला घेतली. माझे सगळे शोधनिबंध मी टेकमध्येच लिहिले. तिच्यात % हे चिन्ह आलं की त्या ओळीतला पुढचा मजकूर यंत्र वाचतच नाही, ती लेखकाची खासगी टीप समजली जाते. माझ्या एका निबंधात 'त्रुटी ५%' असं लिहून पुढे त्या त्रुटीचं स्पष्टीकरण दिलं होतं. छापील प्रतीत स्पष्टीकरण नाही, टक्केही नाहीत, नुसती पाच त्रुटी. परीक्षकाने समासात लिहिलं, पाच कोणत्या?

खरं तर 'एंटर' हा शब्दच अलीकडचा. टाईपरायटरवर काम केलेल्यांना आठवेल, ओळ संपली की घंटी वाजायची आणि आपण डावीकडची दांडी ढकलायचो. त्या एका ढकलण्यात दोन कामं होत. गाडा परत पहिल्या जागी यायचा आणि कागद एक घर वर सरकायचा. टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन वेगळे संकेत दिले, आणि संगणकाने ते तसेच वारशात घेतले, क्रमांक १३ आणि क्रमांक १०. मग भाऊबंदकी सुरू झाली. विंडोजने दोन्ही ठेवले. युनिक्सने फक्त १० ठेवला. जुन्या मॅकने फक्त १३. गाडाही नाही आणि कागदही नाही, पण वाटणीचं भांडण चालूच. विंडोजच्या नोटपॅडला युनिक्सची ओळ कळायला २०१८ साल उजाडलं. तोवर युनिक्सवरून आलेली फाईल त्यात उघडली की सगळा मजकूर एका लांबच लांब ओळीत, मालगाडीसारखा.

कवींची व्यथा यापेक्षा खोल. गद्यातल्या ओळी जोडल्या गेल्या तर वाचक थोडा धापा टाकतो, एवढंच. कवितेच्या ओळी जोडल्या तर कविताच जाते. मार्कडाउनमध्ये परिच्छेद न बदलता ओळ तोडायची असेल तर ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडायच्या. आता शेवटच्या दोन जागा कुणाला दिसणार? आणि काही संपादक-प्रोग्रॅम फाईल साठवताना ओळीच्या टोकाच्या जागा 'कचरा' म्हणून झाडून टाकतात. म्हणून माझा सल्ला असा की ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश द्या. कॉमनमार्क ते मानतं, आणि मुख्य म्हणजे डोळ्यांना दिसतं.

आपल्या एका कवयित्रीबाईंनी कवितेच्या काही ओळी छान आत सरकवून पाठवल्या होत्या, चार-चार जागा सोडून. ओळीआधी चार जागा म्हणजे मार्कडाउनला वाटतं हा संगणकाचा प्रोग्रॅम आहे! त्यांचा विरह राखाडी चौकटीत, टाईपरायटरच्या अक्षरांत, जसाच्या तसा छापला गेला. दुसऱ्या एका कवींनी शेवटच्या कडव्याखाली, रिकामी ओळ न सोडता, जोडरेघांची लांब रेघ मारून खाली नाव लिहिलं होतं. मजकुराखाली लगेच रेघ आली की वरचा मजकूर शीर्षक होतो. त्यांचं शेवटचं कडवं लेखाच्या नावाएवढ्या अक्षरांत झळकलं. ते मात्र खूश होते. म्हणाले, राहू द्या.

आता जरा आपल्या भाषेचं. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात, 'आईला', 'आईचा', 'आईने'. समजा तुम्हाला फक्त 'आई' तिरकं करायचं आहे आणि 'ला' सरळ ठेवायचा आहे. अंडरस्कोर वापरलात तर होणार नाही. अंडरस्कोर शब्दाच्या मध्येच बंद होऊ शकत नाही, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या नावांमध्ये तो सर्रास येतो. म्हणून पडद्यावर अंडरस्कोर तसेच उभे राहतात. तिथे चांदणी वापरा. पण चांदणीचाही एक रुसवा आहे. एखाद्या नाटकाचं नाव अवतरणचिन्हांत घालून, त्याच्याबाहेर चांदण्या लावून, त्याला लगेच 'चा' जोडलात तर चांदण्या मिटत नाहीत. नियम असा की बंद करणाऱ्या चांदणीच्या आधी विरामचिन्ह असेल तर तिच्यानंतर जागा किंवा दुसरं विरामचिन्ह हवं. इंग्रजीत नावानंतर जागा येतेच, त्यामुळे नियम करणाऱ्यांना हे बहुधा जाणवलंच नसेल. आपल्याकडे विभक्ती दारातच उभी असते. यावर तोडगा म्हणजे चांदण्या अवतरणचिन्हांच्या आत घ्या.

माझी नात इथे कॉलेजात संगणकशास्त्र शिकते. मराठी ती बोलते झकास, वाचते बोट ठेवून. तिने हा विभक्तीचा घोळ ऐकला आणि म्हणाली, "आजोबा, म्हणजे व्याकरणाच्या तासाला तुम्ही जे शिकवत होता ते खरंच कुठेतरी लागतं?" मी ते कौतुक समजलो.

तिच्यासारख्या, शनिवारच्या मराठी शाळेत बाराखडी शिकलेल्या वाचकांसाठी एक खास गोष्ट सांगतो. 'आचार्य' म्हणजे गुरू आणि 'आचारी' म्हणजे स्वयंपाक करणारा. 'आचार्यांना नमस्कार' आणि 'आचाऱ्यांना नमस्कार' यांत फरक आहे, आणि तो दाखवायला मराठीत र ची वेगळी आडवी खूण आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. युनिकोडमध्ये ही खूण दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा र, मोडलेला पाय आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही जुळ्या भावांसारखे. पण शोधायला गेलात तर यंत्राला एकाच्या नावाने हाक मारून दुसरा सापडेलच असं नाही. आणि मजकूर 'स्वच्छ' करणारे अनेक प्रोग्रॅम अदृश्य चिन्हं दिसताच ती काढून टाकतात. गेल्या वर्षी गणपतीच्या जेवणावळी ज्यांनी पंचवीस वर्षं सांभाळल्या त्या काकांवर श्रद्धांजलीचा लेख होता, शीर्षकात 'आचाऱ्यांना'. आमच्या वेबवरच्या फॉर्ममधून तो आला तेव्हा अदृश्य चिन्ह गळलं होतं आणि काका गुरुपदाला पोहोचले होते. मी दुरुस्ती करायला घेतली तर त्यांच्या मुलीने विचारलं, "बदलायलाच हवं का?" मी बदललं. ते काका स्वतःला आचारीच म्हणवून घेत, आणि त्यात त्यांना काही कमी वाटत नसे.

'ॲ'चं दुखणंही असंच. 'ॲप', 'ॲरन' यांतलं हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून वेळ मारून नेत, आणि अनेक यंत्रं त्या दोघांच्या मध्ये ठिपक्यांचं एक वर्तुळ काढून निषेध नोंदवत. जुन्या फाईलींत अजून ती वर्तुळं भेटतात.

कधी कधी फाईल उघडल्यावर मराठीऐवजी भलतंच काही दिसतं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार पाय फुटलेलं छोटं वर्तुळ, पुन्हा ए, पुन्हा वर्तुळ. घाबरू नका. हे दिसलं तर तुमचा मजकूर बहुधा शाबूत आहे. युटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाईट लागतात, आणि वाचणारा प्रोग्रॅम ते तीन बाईट तीन वेगळी युरोपीय अक्षरं समजून वाचतोय, इतकंच. फाईल 'युटीएफ-८' म्हणून पुन्हा उघडा. (ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, टेबलावरच्या कागदी मॅटवर आखली. आपल्यापैकी कित्येक जण अशाच डायनरमध्ये अंडी-टोस्ट खात बसलेले असतील आणि शेजारच्या टेबलावर मराठीची सोय होत होती!) मात्र अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर फाईल बंद करा आणि मूळ प्रत शोधा. प्रश्नचिन्हांमागे काहीही उरलेलं नसतं.

मूळ प्रत शोधा, असं मी सहज म्हणून गेलो. आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो.

आपल्या अंकाचे १९९६ पासूनचे जुने अंक टेक्स्टमध्ये आणायचं काम मी २०११ मध्ये अंगावर घेतलं. ते अंक फॉन्टच्या जमान्यातले. तेव्हा घरगुती संगणकावर मराठी म्हणजे एक सोंग होतं. आत इंग्रजी अक्षरंच असायची, फक्त त्यांचे चेहरे मराठी. विंडोजला खरीखुरी देवनागरी कळू लागली विंडोज २००० पासून. तोवर फॉन्ट हरवला की मुखवटा गळून पडायचा आणि खालची इंग्रजी अक्षरं अर्थहीन बडबड करायची. अशा फाईली युनिकोडमध्ये आणायच्या म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी टाकायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. रफार तिकडे अक्षरानंतर, इकडे आधी. मी कन्व्हर्टर मिळवले, दुरुस्त केले, रात्री जागलो. निवृत्तीची पहिली दोन वर्षं त्यात गेली, आणि सांगायला हरकत नाही, फार सुखात गेली.

रूपांतरानंतर मजकुरात बरीच अनोळखी चिन्हं उरायची. ती काढायला मी एक दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. देवनागरी अक्षर, आकडा, विरामचिन्ह किंवा साधा एंटर यांपैकी जे नसेल, त्याच्या जागी एक मोकळी जागा. एकाहून जास्त जागा सलग आल्या तर एकच ठेव. सगळ्या अंकांवर चालवला. मजकूर कसा लख्ख झाला! मग मी फ्लॉपींचा खोका गॅरेजमधून काढून टाकला. पंधरा वर्षं तो खोका हलवा म्हणून घरात तगादा होता.

पहिला धक्का काही महिन्यांनी बसला. 'दुसऱ्या'च्या जागी ठिकठिकाणी 'दुसर् या' असं तुटलेलं दिसलं. म्हणजे तेच ते अदृश्य जोडचिन्ह. ते देवनागरीच्या घरात राहत नाही, त्याचा पत्ता वेगळा आहे, म्हणून माझ्या प्रोग्रॅमने त्याला परका समजून हाकललं. हे निस्तरणं सोपं होतं. मोडका र, जागा आणि मग य किंवा ह, असं जिथे दिसेल तिथे सांधून घेतलं. एका दुपारचं काम.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती २०१९ मध्ये, माझी पत्नी गेल्यानंतर. १९९८ च्या अंकात तिची एक कविता होती. तिने छापायला दिलेली ती एकच. मी फाईल उघडली. सगळे शब्द होते. एकशे अठरा, एकही गळलेला नव्हता. पण ओळ नव्हती. एकशे अठरा शब्दांचा एक सलग परिच्छेद.

काय झालं होतं ते मला लगेच कळलं, आणि नसतं कळलं तर बरं, असंही वाटलं. अंक लावणाऱ्याने कवितेच्या ओळी तोडताना नुसता एंटर दाबला नव्हता, शिफ्ट आणि एंटर दाबलं होतं. परिच्छेद तोच ठेवून ओळ बदलायची ती बरोबर, व्यावसायिक पद्धत. तिचा संकेत वेगळा, क्रमांक ११. माझ्या यादीत क्रमांक ११ नव्हता. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझ्या प्रोग्रॅमने एक मोकळी जागा ठेवली. कडव्यांच्या मध्ये तसे दोन संकेत होते, त्यांच्याही दोन जागा झाल्या, आणि मग एकाहून जास्त जागा नकोत म्हणून त्यांतली एक गेली. ओळ कुठे संपते आणि कडवं कुठे, दोन्ही खुणा पुसल्या. जोडरेघा, स्वल्पविराम तिने वापरलेच नव्हते.

कविता वृत्तात असती तर मी ती परत उभी केली असती. तुकोबांचा अभंग एका ओळीत लिहून द्या, सहा-सहा-सहा-चार अक्षरं मोजून आणि मधल्या दोन चरणांची यमकं पाहून शाळेतला मुलगाही तो नीट लावेल. ज्ञानेश्वरीच्या ओवीचे तीन चरण यमकात, चौथा आखूड, तोच सांगतो की इथे थांबा. जुन्या पोथ्या तर शब्दांमध्येही जागा सोडत नसत. कागद महाग, सगळं सलग. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ओळखायचं. पण पोथीत चरण संपला की उभा दंड, श्लोक संपला की दोन दंड आणि मध्ये आकडा. शाईने काढलेली खूण. नकलणारा कितीही पेंगुळलेला असो, दंड हे अक्षरच असल्याने तो उतरवला जायचा. हे आमचं सर्वांत जुनं मार्कअप, आणि मार्कडाउनपेक्षा कितीतरी पक्कं. तिची कविता मुक्तछंदात होती. मुक्तछंदाचा दंड म्हणजे पानावरची मोकळी जागा, आणि मोकळ्या जागेला मी कचरा समजलो.

तिने ती कविता आपल्या दिवाळी कार्यक्रमात वाचलीही होती. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला आहे. कुठे थांबली होती ते दोन-तीन ठिकाणी नक्की आठवतं. पण ती ओळ संपली म्हणून थांबली होती की चष्मा सावरायला, हे कसं ठरवू? नातीने तिच्या पद्धतीने मदत केली. शब्दसंख्येवरून, पुन्हापुन्हा येणाऱ्या शब्दांवरून तिने चार निरनिराळ्या मांडण्या करून दिल्या. चारही कविता वाटतात. दुसरी तर मला फार आवडते, आणि म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास नाही. आवडणारी मांडणी माझी असेल, तिची नव्हे. तिच्या एका शब्दापुढे ओळ तोडली तर तो शब्द माहेराबद्दल बोलतो, आणि त्याच्या आधी तोडली तर इथल्या घराबद्दल. ती कुठल्या घराबद्दल बोलत होती, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आमच्या घरची छापील प्रत तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेली. मंडळाच्या कपाटात १९९७ आणि १९९९ आहेत, मधला नाही. तेव्हा विनंती अशी. तुमच्या तळघरात, गॅरेजमध्ये, भारतात परत गेलेल्या एखाद्या मित्राच्या खोक्यात १९९८ चा दिवाळी अंक असेल तर कृपया पाहा. मुखपृष्ठावर समईचं चित्र आहे, निळ्या पार्श्वभूमीवर. कविता अंकाच्या मागच्या निम्म्या भागात कुठेतरी आहे, आणि मला वाटतं ती दोन पानांवर गेली होती. अंक पोस्टाने पाठवू नका, हरवेल. फोनने फोटो काढा, पण मजकुरापुरता कापू नका, अख्खं पान येऊ दे. पहिल्या पानाच्या तळाशी शेवटच्या ओळीखाली जागा किती उरली आहे ते मला मोजायचं आहे. पान उलटतं तिथे कडवं संपत होतं की नुसता कागद, ते त्यावरूनच कळेल.

आणि यंदाच्या अंकासाठी तुमचं लेखन पाठवाल तेव्हा कविता असेल तर तिचाही कागदावर लिहिलेला फोटो जोडा. हस्ताक्षर कसंही चालेल.